काळी दोनच्या जरा खाली

स्मरणिकेत अर्धं पान मिळालंय.
खालच्या अर्ध्यात मनी एक्स्चेंजची जाहिरात.
तेवढ्यात बसव म्हणाले पंचेचाळीस वर्षं,
हजेरीची वही तुझ्याकडे असते, तूच लिही.

वहीत नावं आहेत. आवाज नाहीत.

पहिलं पान: गुरुवार, रुवी, हजर नऊ.
जागा: परेरांची खोली, गाद्या भिंतीला उभ्या करून.
इनास परेरा, क्रेन ऑपरेटर, गाव निर्मळ, वसई.
हसनमियाँ हमदुले, मत्रा बंदरावर टॅली क्लार्क.
कुमुदिनी तोरसकर, नर्स, रात्रपाळी असेल तर अर्धा तास.
शेवटचा रकाना 'पट्टी'.
तो कुणीच भरलेला नाही.

पेटी नव्हती तेव्हा.
खिडकीत एसी होता, गंजलेला, पोटात पाणी झालेला,
एकदा सूर धरला की मेला तरी सोडायचा नाही.
इनास म्हणाला, हा घ्या षड्ज. वीजबिल कंपनीचं.
आणि माणसं त्याला टेकून गायली,
दिवसभर उन्हात उभी असलेली माणसं
भिंत दिसली की टेकतात तशी.

दोन वर्षांनी पेटी आली,
जादा वजनाचे पैसे वर्गणीतून.
कळलं की आपला सा काळी दोनच्या जरा खाली आहे.
पेटी खोटी की एसी खोटा
यात एक अख्खा गुरुवार गेला, चहा दोनदा झाला.
शेवटी हात वर केले.
एसी जिंकला, सात विरुद्ध चार.
पेटी कपाटावर.

नियम एकच, कुठे न लिहिलेला:
व्हिसा संपला तर जायच्या आधी
आपली ओळ कुणाच्या तरी गळ्यात घालून जायची.
इनासची खर्जातली ओळ हमदुल्यांनी घेतली,
त्यांच्याकडून बाबुली चोडणकराने,
बाबुलीकडून मी, विमानतळाच्या वाटेवर, टॅक्सीत.
तिसऱ्या कडव्यात इनास एका जागी अडायचा,
छातीत सिमेंटची धूळ होती त्याच्या.
आम्ही अजून तिथं अडतो, चौदा जण, एकदम.
मला वाटायचं ती लय आहे.

गोनू आलं तेव्हा वादीचं पाणी तळघरात शिरलं.
बाराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंतची पानं
निळी आहेत, नुसती निळी.
त्या काळात काय गायलो ते विचारू नका.
बरं गायलो असणार.

शेऱ्याचा रकाना मात्र भरगच्च:
बहरीनला गेला. आई आजारी. कंपनी बुडाली.
कायमचा परत. कायमचा परत. लग्न.
कायमचा परत (दोन वर्षांनी पुन्हा हजर).
हमदुल्यांच्या पुढे काही नाही.
ते आमरातला आहेत, मातीत,
आणि त्याला काय लिहायचं, परत की हजर,
हे समितीत ठरलं नाही.

आता हॉल भाड्याचा, एसी छताच्या आत, मुका.
रेवा नाचणकर तालीम घेते. इथंच जन्मली,
'ळ' जरा सांभाळून म्हणते.
फोनवर सुई लावून बसते समोर.
काका, तुम्ही सगळे खाली आहात.
सगळे सारखेच खाली, ते कसं काय?
मी म्हटलं, एसी.
तिने उठून एसी कमी केला.

मग तिनेच फोन लावला निर्मळला.
त्र्याऐंशी वर्षांचा इनास, पाठीमागे कोंबडं,
तीन कडवी डोळे मिटून ऐकली.
म्हणाला, छान.
पण मधेच थांबता का रे?

कुणी काही बोललं नाही.
चोडणकर असता तर हसला असता.

रेवाने वही ओढली, स्वरलिपीची,
तिसऱ्या कडव्यात त्या जागी
एक स्वल्पविराम काढला.
पेन्सिलने.